वॉशिंग्टन राज्याची घरपोच मतपत्रिका: सोय उत्तम, पण सगळी भिस्त सहीवर

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात मत द्यायला केंद्रावर जाऊन रांग लावावी लागत नाही. २०११ च्या कायद्यानंतर राज्यातील सर्व ३९ काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) प्रत्येक सक्रिय मतदाराला मतपत्रिका पोस्टाने घरी येते. मागणी करावी लागत नाही, कारण सांगावे लागत नाही. शेजारच्या ओरेगॉनच्या मतदारांनी हाच बदल १९९८ मध्ये कौल देऊन स्वीकारला होता. वॉशिंग्टनने तो उशिरा केला, पण नीट बसवला. मतदाराच्या बाजूने पाहिले तर ही सेवा अमेरिकेतल्या सर्वात सोप्या सेवांपैकी आहे. तरीही दर निवडणुकीत हजारो मतपत्रिका मोजल्याविना राहतात आणि त्यामागची कारणे बहुतेक वेळा दोनच असतात: लिफाफ्यावरची सही आणि पोस्टाचा शिक्का.

मतपत्रिका निवडणुकीच्या किमान १८ दिवस आधी काउंटीने पोस्टात टाकायची असते. मतदान मंगळवारी, म्हणजे त्याआधीच्या तिसऱ्या शुक्रवारपर्यंत. आठवडाभरात हाती आली नाही तर वाट पाहू नये, काउंटीला फोन करावा. पाकिटात तीन गोष्टी असतात: मतपत्रिका, ती झाकणारे गोपनीयतेचे आवरण आणि परतीचा लिफाफा. परतीच्या लिफाफ्यावर तिकीट लावावे लागत नाही, खर्च सरकार करते. आवरण विसरले तर मत बाद होत नाही. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात आतला लिफाफा राहिला तर पत्रिका रद्द होते आणि तिथल्या बातम्या वाचून इथले लोक घाबरतात.

खूण काळ्या किंवा गडद निळ्या पेनाने, गोल पूर्ण भरून करायची. चूक झाली तर व्हाइटनर लावू नये. चुकलेल्या नावावरून आणि गोलावरून आडवी रेघ मारावी आणि योग्य गोल भरावा. एकाच पदासाठी दोन गोल भरले तर फक्त त्या पदाचे मत जाते, बाकीची पत्रिका मोजली जाते. काही पदे कोरी सोडली तरी चालते. न्यायाधीश, बंदर आयुक्त, शाळा मंडळ अशा जागांबद्दल काहीच माहिती नसेल तर अंदाजाने गोल भरण्यापेक्षा कोरे सोडलेले बरे.

सही: सेवेचा सर्वात कच्चा सांधा

परतीच्या लिफाफ्यावर एक प्रतिज्ञा छापलेली असते. तिच्याखाली सही आणि तारीख. केंद्रावर ओळखपत्र दाखवण्याच्या जागी इथे ही सही आहे, म्हणून ती नोंदणीतल्या सहीशी ताडून पाहिली जाते. प्रशिक्षित कर्मचारी संगणकाच्या पडद्यावर दोन्ही सह्या शेजारी ठेवून बघतात. जुळली की लिफाफा पुढे जातो. जुळली नाही किंवा सहीच नसेल तर पत्रिका बाजूला ठेवली जाते.

अडचण कुठे येते? नोंदणीतली सही बहुतेकांच्या बाबतीत वाहन परवान्यावरून घेतलेली असते आणि ती परवाना कार्यालयातल्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर, घाईत केलेली असते. घरी टेबलावर बसून पेनाने केलेली नीटनेटकी सही तिच्याशी जुळत नाही. भारतात शिकलेल्या अनेकांच्या दोन सह्या असतात, एक बँकेची आणि एक रोजची. कोणती सही परवान्यावर गेली होती हे आठवत नसेल तर परवाना काढून बघावा आणि तशीच करावी. परवान्यावर देवनागरीत सही असेल तर लिफाफ्यावरही देवनागरीतच. सही बदललीच असेल तर नवीन नोंदणी अर्ज भरून फाइलमधली सही ताजी करून घेता येते, आणि हे काम निवडणूक नसलेल्या महिन्यात करणे शहाणपणाचे.

नियम अगदी काटेकोर आहेत असेही नाही. पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरे वापरली तरी आडनाव आणि हस्ताक्षर स्पष्टपणे तेच असेल तर चालते. लग्नानंतर आडनाव बदलून सही वेगळी झाली, पण पहिले नाव आणि हस्ताक्षर तेच आहे, तरी पत्रिका मोजता येते. नवरा-बायकोने चुकून एकमेकांच्या लिफाफ्यावर सही केली, हा तर नेहमीचा प्रकार. सही कोणाची हे ओळखता आले आणि त्या व्यक्तीची दुसरी पत्रिका आलेली नसेल तर ती पत्रिका सही करणाऱ्याच्या नावावर धरता येते. तरी लिफाफे वाटताना छापलेले नाव वाचून द्यावेत.

एक गोष्ट मात्र अजिबात चालत नाही. वृद्ध आई-वडिलांच्या वतीने मुलाने सही करणे. मुखत्यारपत्र असले तरी चालत नाही. हात थरथरतो म्हणून सही जमत नसेल तर मतदाराने स्वतः एखादी खूण करायची आणि दोन साक्षीदारांनी सही करायची, अशी तरतूद आहे. मुलाने प्रेमाने केलेली हुबेहूब सही पकडली गेली तर मत जाते आणि वर चौकशीही मागे लागू शकते.

सही न जुळल्यास काउंटी पत्र पाठवते आणि सोबत एक अर्ज देते. नोंदणीत फोन क्रमांक किंवा ईमेल असेल तर तिथूनही संपर्क होतो, म्हणून नोंदणी करताना हे रकाने रिकामे सोडू नयेत. अर्जावर सही करून तो परत केला की पत्रिका मोजणीत जाते. त्यासाठी काउंटी निकाल प्रमाणित करते त्याच्या आदल्या दिवसापर्यंत वेळ असतो. नोव्हेंबरच्या निवडणुकीत प्रमाणन २१ दिवसांनी, ऑगस्टच्या प्रायमरीत (उमेदवार निवडण्याच्या प्राथमिक फेरीत) १४ दिवसांनी, फेब्रुवारी आणि एप्रिलच्या विशेष निवडणुकांत १० दिवसांनी. म्हणजे दुरुस्तीसाठी मुदत भरपूर आहे, पण पत्र जाहिरातींच्या ढिगाऱ्यात कचऱ्यात गेले तर तिचा उपयोग शून्य.

राज्याच्या ऑडिटर कार्यालयाने २०२० च्या नोव्हेंबर निवडणुकीतील पत्रिका तपासून २०२२ मध्ये अहवाल दिला. ९९ टक्क्यांहून अधिक पत्रिका स्वीकारल्या गेल्याचे त्यात आढळले. पण कृष्णवर्णीय मतदारांच्या पत्रिका गोऱ्या मतदारांच्या तुलनेत चौपट प्रमाणात नाकारल्या गेल्या होत्या, आणि आशियाई, लॅटिनो व मूळनिवासी मतदारांचे प्रमाणही जास्त होते. तरुण मतदारांचेही तसेच. ज्यांच्या सहीला अजून वळण लागलेले नाही, अशा अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या घरात ही गोष्ट आधीच बोलून ठेवावी.

पोस्ट की ड्रॉप बॉक्स

पोस्टाने पाठवलेल्या पत्रिकेवर मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असला पाहिजे. ती नंतर पोहोचली तरी चालते. कोलोरॅडोत असे नाही. तिथे पत्रिका मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत काउंटीच्या हाती पडावी लागते. वॉशिंग्टनचा नियम मतदाराला जास्त सवलत देतो, पण त्यातच सापळा आहे. पत्रिका टपालपेटीत पडली त्या क्षणी शिक्का बसत नाही. तो टपाल प्रक्रिया केंद्रात बसतो. मंगळवारी संध्याकाळची शेवटची उचल होऊन गेल्यावर टाकलेला लिफाफा दुसऱ्या दिवशी उचलला जातो आणि त्यावर बुधवारची तारीख येते. मग मत बाद. लहान गावांत, प्रक्रिया केंद्रापासून दूर, मंगळवारी दुपारी टाकलेल्या पत्रिकेचीही हमी देता येत नाही. म्हणून पोस्टाने पाठवायची असेल तर किमान आठवडाभर आधी. उशीर झालाच तर पोस्टाच्या खिडकीवर जाऊन कर्मचाऱ्याकडून हाताने शिक्का मारून घ्यावा. हे फुकट आहे आणि मागितले की मिळते.

शिक्का नसेल किंवा वाचता येत नसेल तर लिफाफ्यावर मतदाराने लिहिलेली तारीख धरली जाते. सहीशेजारचा तो छोटा रकाना बरेच जण कोरा ठेवतात. ठेवू नये.

ड्रॉप बॉक्स, म्हणजे काउंटीने पत्रिका टाकण्यासाठी ठेवलेली पेटी, ही या सेवेतली सर्वात चांगली सोय. कायद्याने दर १५,000 नोंदणीकृत मतदारांमागे किमान एक पेटी असावी लागते, आणि प्रत्येक शहरात व नगरात किमान एक. पेट्या १८ दिवस आधी उघडतात, चोवीस तास उपलब्ध असतात आणि मतदानाच्या दिवशी रात्री ठीक ८ वाजता बंद होतात. आठच्या ठोक्याला जो रांगेत उभा आहे त्याची पत्रिका घेतली जाते, आठ वाजून एक मिनिटाने गाडी लावणाऱ्याची नाही. शिक्क्याचा प्रश्नच उरत नाही. राज्यातील कोणत्याही काउंटीच्या पेटीत पत्रिका टाकली तरी ती योग्य काउंटीकडे पोहोचवली जाते. बॉथेलमध्ये राहणाऱ्यांना हे उपयोगी, कारण ते शहर किंग आणि स्नोहोमिश या दोन काउंट्यांत विभागलेले आहे आणि जवळची पेटी कधी कधी दुसऱ्या काउंटीची निघते.

पेटी अभेद्य नसते, हे २८ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हँकुव्हर शहरात दिसले. (कॅनडातले नव्हे, क्लार्क काउंटीतले.) एका ट्रान्झिट सेंटरजवळच्या पेटीला आग लावली गेली आणि शेकडो पत्रिका जळाल्या किंवा खराब झाल्या. त्याच पहाटे नदीपलीकडच्या पोर्टलंडमध्येही एका पेटीत आग लावली होती, तिथे आतल्या अग्निरोधक यंत्रणेने जवळपास सगळ्या पत्रिका वाचवल्या. व्हँकुव्हरच्या पेटीतही यंत्रणा होती, पण ती पुरी पडली नाही. ज्यांनी आगीआधीच्या दोन दिवसांत तिथे पत्रिका टाकली होती त्यांना काउंटीने नवीन पत्रिका दिल्या, पण आपली पत्रिका नोंदली गेली नाही हे ज्यांनी तपासले त्यांना ते लवकर कळले.

तपासायची जागा म्हणजे राज्याचे व्होट-डब्ल्यूए हे संकेतस्थळ. नाव आणि जन्मतारीख टाकली की पत्रिका पाठवली का, मिळाली का, स्वीकारली का, हे दिसते. 'मिळाली' आणि 'स्वीकारली' या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. 'मिळाली' दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये, सहीची तपासणी त्यानंतर होते. हरवलेल्या पत्रिकेची बदली प्रतही याच जागेवरून काढता येते: पडद्यावर खुणा करायच्या, प्रतिज्ञेसह छापायची, सही करून ड्रॉप बॉक्समध्ये टाकायची. मागाहून मूळ पत्रिका सापडली तर ती फाडून टाकावी. मोजली जाते एकच, आणि जाणूनबुजून दोन पाठवणे हा गुन्हा आहे.

नोंदणी आणि पत्ता

ऑनलाइन किंवा पोस्टाने केलेला नोंदणी अर्ज मतदानाच्या ८ दिवस आधी पोहोचावा लागतो. त्यानंतर काउंटीच्या मतदार केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत नोंदणी करता येते आणि तिथेच पत्रिका मिळते. ही शेवटच्या दिवसाची सोय २०१९ पासून आहे. तिच्यावर विसंबणाऱ्यांची मोठ्या निवडणुकीत लांब रांग लागते, कारण मतदार केंद्रे मोजकीच असतात. अपंग मतदारांसाठी खास मतदान यंत्रे याच केंद्रांवर असतात, तीही १८ दिवस आधीपासून.

भाड्याने राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. घर बदलल्यावर पोस्टाला पत्ता बदलाची सूचना दिली तरी मतपत्रिका पुढे पाठवली जात नाही. ती काउंटीकडे परत जाते, नोंद 'निष्क्रिय' होते आणि पुढच्या पत्रिका येणे थांबते. 'मला यंदा पत्रिकाच आली नाही' या तक्रारींमागे हेच कारण वारंवार निघते. पत्ता निवडणूक नोंदणीत वेगळा बदलावा लागतो.

१६ आणि १७ वर्षांच्या मुलांना आगाऊ नोंदणी करता येते, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत १८ पूर्ण होणार असतील तर १७ व्या वर्षी ऑगस्टच्या प्रायमरीत मतही देता येते.

आणि ज्यांनी अजून नागरिकत्व घेतलेले नाही त्यांच्यासाठी: ग्रीन कार्ड, एच-वन-बी, कोणत्याही व्हिसावर मतदार नोंदणी करायची नाही. परवाना कार्यालयात प्रश्न पुढे आला की 'नागरिक नाही' हेच उत्तर. चुकून नोंदणी झाल्याचे कळले तर काउंटीला कळवून रद्द करून घ्यावी आणि आधी इमिग्रेशन वकिलाशी बोलावे. नागरिक असल्याचा खोटा दावा कायमचा आड येऊ शकतो, अज्ञानाने केला तरी.

पत्रिकेत काय असते

ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी होणारी प्रायमरी 'टॉप टू' पद्धतीची असते. सर्व पक्षांचे उमेदवार एकाच यादीत, कोणालाही मत द्या, पहिले दोन नोव्हेंबरमध्ये पुढे जातात. दोघे एकाच पक्षाचे असू शकतात. नावाखाली 'प्रेफर्स' असे लिहून पक्ष दिलेला असतो. ती उमेदवाराने सांगितलेली आवड आहे, पक्षाने दिलेली उमेदवारी नाही. या पद्धतीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्यता दिली. राज्यात मतदाराची पक्षनोंदणी होत नाही. अपवाद फक्त अध्यक्षीय प्रायमरीचा: मार्चमध्ये लिफाफ्यावर एका पक्षाची खूण करून प्रतिज्ञा करावी लागते. ती खूण राहिली तर मत मोजले जात नाही, आणि कोणता पक्ष निवडला हे सार्वजनिक नोंदीत जाते. मत कोणाला दिले ते मात्र गुप्तच.

जनमताचे प्रस्ताव हा डोकेदुखीचा भाग. २०२४ मध्ये चार इनिशिएटिव्ह होते, त्यांतला २१०९ क्रमांकाचा भांडवली नफ्यावरचा कर रद्द करण्यासाठी, तर २११७ कार्बन बाजार (प्रदूषणाचे परवाने विकत घ्यायला लावणारी योजना) रद्द करण्यासाठी. म्हणजे भांडवली नफ्यावरचा कर हवा असेल तर 'नो' आणि नको असेल तर 'यस'. घाईत उलटे मत पडणे अगदी सोपे. राज्य सरकार घराघरांत पाठवते त्या मतदार पुस्तिकेत प्रत्येक प्रस्तावाचा अर्थ, आर्थिक परिणाम आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे दिलेले असते. ही पुस्तिका या सेवेतला फार चांगला भाग आहे. उमेदवारांची निवेदने त्यांनीच लिहिलेली असतात, तेवढे ध्यानात ठेवून वाचावे.

फेब्रुवारी आणि एप्रिलच्या पत्रिका पातळ असतात म्हणून लोक बाजूला ठेवतात. त्यांत सहसा शाळांचे कर असतात. लेव्हीला (शाळेच्या खर्चासाठीच्या कराला) साधे बहुमत पुरते, पण इमारतीसाठीच्या बॉंडला (कर्जरोख्याला) ६० टक्के मते लागतात आणि शिवाय मागील सार्वत्रिक निवडणुकीच्या ४० टक्के इतके मतदान व्हावे लागते. ५८ टक्के लोक 'हो' म्हणूनही शाळा बांधली जात नाही ती यामुळे.

मतदानाच्या काळात परदेशी असणाऱ्यांनी काउंटीला आधी कळवावे. परदेशस्थ मतदारांच्या पत्रिका सार्वत्रिक निवडणुकीच्या ४५ दिवस आधी निघतात, ईमेलनेही मागवता येतात, आणि त्यांच्या बाबतीत शिक्क्याऐवजी प्रतिज्ञेवरची तारीख धरली जाते.

निकालाच्या बाबतीत सेवा संथ आहे. रात्री ८ नंतर पहिला आकडा येतो, पण शेवटच्या दिवशी टाकलेल्या हजारो पत्रिका अजून लिफाफ्यात असतात, आणि सही तपासायला वेळ लागतो. आघाडी पुढच्या काही दिवसांत बदलते, त्यात वावगे काही नाही. २००४ ची गव्हर्नरपदाची निवडणूक पहिल्या मोजणीत डिनो रोसी २६१ मतांनी पुढे, यंत्राने फेरमोजणी केल्यावर ४२ मतांनी पुढे आणि हाताने मोजल्यावर क्रिस्टीन ग्रेगॉयर १२९ मतांनी विजयी, अशी फिरली. २०२४ च्या प्रायमरीत सार्वजनिक जमीन आयुक्तपदासाठी दुसरी जागा डेव्ह अपथग्रोव्ह यांना फेरमोजणीनंतर अवघ्या ४९ मतांनी मिळाली. राज्यव्यापी पदासाठी फरक १,००० मतांहून आणि पाव टक्क्याहून कमी असला तर हाताने फेरमोजणी सक्तीची असते. अशा वेळी सही न जुळल्याने बाजूला पडलेले लिफाफेच निर्णायक ठरतात, म्हणून मतदानानंतरचे तीन आठवडे संपेपर्यंत काउंटीचे प्रत्येक पाकीट उघडून बघावे आणि व्होट-डब्ल्यूएवर 'स्वीकारली' दिसेपर्यंत तपासत राहावे.